डाव्या दाराचा ओरखडा

गाडी धुणं काय असतं हे ज्याला बघायचं असेल त्यानं रविवारी सकाळी महाळुंग्यात हिंदुरावाच्या पत्र्याच्या शेडमध्ये यावं. सातच्या आत यावं. नऊला आलात तर ऊन शेडमध्ये शिरलेलं असतं आणि हिंदुराव फडकी वाळत घालून आत गेलेला असतो. उन्हात गाडी धुणारा, कपड्याच्या पावडरीनं धुणारा आणि धुळीवर कोरडं फडकं मारणारा, या तिघांना तो एकाच पंगतीला बसवतो. चाकण भागातली धूळ म्हणजे नुसती माती नव्हे हो. तिच्यात ट्रेलरच्या चाकाखाली दळलेली खडी असते, फॅब्रिकेशनवाल्यांच्या ग्राइंडरचा कीस असतो. तिच्यावर कोरडं फडकं फिरवायचं म्हणजे रंग चक्क वाळूनं घासायचा. पण सांगतो कोणाला. गल्लीतले लोक रोज सकाळी ऐटीत फडकं मारतात आणि सहा महिन्यांनी याच्याकडे येऊन विचारतात, हिंदुरावभाऊ, गाडीवर ही जाळी कशानं पडली.

त्याच्या दोन बादल्या असायच्या. एकीत शॅम्पूचं पाणी, दुसरीत साधं. मऊ हातमोजा शॅम्पूत बुडवायचा, एक पत्रा धुवायचा, मग साध्या पाण्यात खळबळून माती तळाशी सोडायची आणि त्यानंतरच पुन्हा शॅम्पूत घालायचा. टपापासून सुरुवात करून खाली यायचं. हात गोल फिरवायचा नाही, सरळ ओढायचा. पक्ष्याची घाण खरवडायची नाही, ओलं फडकं ठेवून ती आपसूक सुटायची वाट बघायची. चाकांचं फडकं वेगळं. ते चुकून वरच्या अंगाला लागलं तर त्या दिवशी घरात कोणी मोठ्यानं बोलायचं नाही, असा रुक्मिणीबाईंचा अनुभव होता. रुक्मिणीबाई म्हणजे हिंदुरावाची बायको. त्या म्हणायच्या, "मला एवढं चोळून कधी कोणी न्हाऊ घातलं न्हाई."

हे सगळं तो शिकला कंपनीत. एका मोटार कंपनीच्या पेंट शॉपमध्ये त्यानं सव्वीस वर्षं काढली, त्यातली शेवटची एकोणीस तपासणीवर. भट्टीतून भाजून निघालेली गाडी ट्यूबलाइटच्या बोगद्यात येऊन उभी राहायची आणि हिंदुराव तिच्यावर सुती मोजा घातलेला हात फिरवायचा. डोळ्याला न दिसणारा दाणा त्याच्या बोटाला लागायचा. लाइनवर त्याच्या एक टप्पा आधी सुरेंद्र उभा असायचा. चिंचवडचा, डावखुरा, गोडबोल्या माणूस. दाणा घासायचा, खरचटलेल्या जागी काडीनं रंगाचे ठिपके भरायचे, पॉलिश मारून गाडी पुढं सोडायची, हे सुरेंद्रचं काम. त्यानं जिथं जिथं हात लावला तिथं तिथं मागून हिंदुरावाचा हात जायचा आणि मगच गाडी गेटाबाहेर पडायची. नव्या पोरांना हिंदुराव पहिल्याच दिवशी बजावायचा, "दुसऱ्याच्या शब्दावर गाडी पास करायची न्हाई. साहेब सांगू दे न्हाईतर सख्खा भाऊ. आपला हात फिरला पाहिजे."

दोघं एकाच वर्षी निवृत्त झाले आणि दोघांनी मिळून एक गाडी घेतली. चंदेरी रंगाची, निम्मी तुझी निम्मी माझी. लोकांनी वेड्यात काढलं. गाडी काय दोघांत घ्यायची वस्तू आहे का. पण हिंदुरावाच्या डोक्यात बैल होते. आता जिथं कंपन्यांच्या भिंती आहेत तिथं त्याच्या घरची राना-बांधाची जमीन होती, आणि त्याचे वडील शेजाऱ्याशी वारंगुळा करायचे. एक बैल यांचा, एक त्याचा, जोडी जुंपून दोघांची रानं नांगरायची. राखणं दोघांनी, जपणं दोघांनी. बैलाच्या खांद्याला सूज आली तर ज्याच्याकडं आली त्यानं आधी तोंडानं सांगायचं, एवढा एकच नियम. तोच नियम हिंदुरावानं गाडीला लावला. एक आठवडा गाडी महाळुंग्याला, एक आठवडा चिंचवडला. रविवारी सकाळी शेडमध्ये दोघांनी मिळून धुवायची, दोघांनी हात फिरवायचा, आणि काही लागलं असेल तर सांगायचं. कागद नाही, सही नाही. सुरेंद्र म्हणाला, "राव, तुझ्या-माझ्यात कागद कशाला?" आणि हिंदुरावाला त्या वाक्याचा फार अभिमान वाटला होता.

या धुण्याला तिसरा हात होता तनुजाचा. हिंदुरावाची एकुलती एक पोर. नऊ वर्षांची असल्यापासून ती बापाबरोबर स्कूटर धुवायची. साध्या पाण्याची बादली तिची. मोजा खळबळायचा, तळाशी माती किती बसली ते बघायचं आणि बापाला सांगायचं, आप्पा, पाणी बदला. पुढं ती शिकली, चाकणला बंपर बनवणाऱ्या एका कारखान्यात क्वालिटीला लागली. तिच्या बोटालाही दाणा लागायचा. हिंदुराव हे उघड कोणाला सांगत नसे, पण पोर बंपरवर हात फिरवते म्हटल्यावर त्याची छाती फुगायची. गाडी चालवायलाही त्यानंच शिकवलं. महाळुंग्याच्या आठवड्यात ती बिनधास्त गाडी काढायची.

आणि हीच तनुजा आज घर सोडून चालली होती. कंपनीनं गुजरातेत नवा प्लांट काढला होता, तिनं आपण होऊन नाव दिलं होतं. दोन वर्षं. साडेनऊला रिक्षा येणार, रिक्षानं चाकणला तळेगाव चौकापर्यंत, तिथून बरोबरच्या दोघी मुली आणि बस. दारात गाडी उभी असताना पोर रिक्षानं जाणार होती. आठ महिने झाले, ती त्या गाडीत बसली नव्हती.

कारण तो ओरखडा.

गेल्या वर्षी गणपती झाले त्यानंतरच्या आठवड्यातली गोष्ट. आठवडा सुरेंद्रचा होता. एरवी तो रविवारी सकाळी गाडी घेऊन यायचा, पण त्या खेपेला शनिवारी संध्याकाळीच आणून शेडमध्ये लावून गेला. हिंदुराव आणि रुक्मिणीबाई देहूला बहिणीच्या घरी वास्तुशांतीला गेले होते, मुक्कामाला राहिले, रविवारी सकाळी सातला बसनं परतले. त्याच पहाटे तनुजा एका मैत्रिणीला परीक्षेसाठी तळेगावला सोडायला गाडी घेऊन गेली होती. पाचला गेली, सातला आली. थोड्या वेळानं सुरेंद्र आला आणि नेहमीसारखं धुणं सुरू झालं. डावीकडच्या मागच्या दारावरची धूळ उतरली आणि खाली ओरखडा निघाला. चार बोटं लांब, खोल, आतला पत्रा दिसेल असा.

हिंदुरावानं हात थांबवला. तनुजाकडं न बघता त्यानं सुरेंद्रला विचारलं, "काल व्हता का ह्यो?"

"नाही रे," सुरेंद्र म्हणाला. "मी स्वतः हात फिरवून लावली. चकाचक होती."

मग हिंदुराव पोरीकडं वळला. तनुजा म्हणाली, "आप्पा, मी नाही लावलेलं." एकदाच म्हणाली, शांतपणे. हिंदुराव भडकला. ओरखड्याचं काही नाही म्हणाला, पत्रा आहे, लागणारच. पण लागलेलं लपवायचं, वर तोंड करून नाही म्हणायचं, तेही सुरेंद्रकाकासमोर. "माझ्या घरात हे व्हायला नको व्हतं," म्हणाला, आणि तिच्याकडून चावी मागून घेतली. सुरेंद्र मध्ये पडला. "जाऊ दे राव, पोर आहे. घाबरली असेल." किती समजूतदार माणूस बघा. तनुजानं त्याच्याकडं एकदा नीट बघितलं, साध्या पाण्याची बादली जागेवर ठेवली आणि आत गेली.

त्यानंतर ती कधी धुवायला आली नाही. भांडली नाही, रडली नाही. कंपनीच्या बसला जायला फाट्यापर्यंत चालत जायची. बापानं विचारलं तर उत्तर द्यायची, तेवढंच. जेवण झालं का, झालं. शिफ्ट कोणती, पहिली. घरात माणूस आहे आणि नाही. रुक्मिणीबाई नवऱ्याला म्हणाल्या, "अवो, ती न्हाई म्हणतीया तर न्हाई आसंल." हिंदुराव म्हणाला, "मग आपोआप पडला का?" आणि हट्टानं तो ओरखडा भरला नाही. ज्याला दाण्याएवढा डाग खपत नसे त्या माणसानं चार बोटांचा ओरखडा आठ महिने उघडा ठेवला. दिसू दे म्हणाला, तिला जाता-येता दिसू दे. स्वतः मात्र त्या दाराशी आला की नजर दुसरीकडं ठेवून मोजा ओढायचा आणि पुढं जायचा. आत बोट कधी घातलं नाही. सगळ्या दुनियेला हात फिरवायला शिकवणारा माणूस तिथं हात फिरवायचं विसरला, कारण मित्रानं सांगितलं होतं, मी फिरवलाय.

तर आज मे महिन्यातला रविवार, पोर चाललेली, आणि हिंदुरावानं मोठं मन करायचं ठरवलं होतं. पहाटे उठून ओरखडा भरायचा, पोरीला हात धरून शेडमध्ये आणायचं, बघ म्हणायचं, मिटला, आता विसर. आणि मग चौकापर्यंत आपल्या गाडीनं सोडायचं. माफ करणाऱ्या माणसाच्या अंगात जी एक ऊब असते तीत तो सकाळपासून होता. रुक्मिणीबाईंना म्हणालाही, "रिक्षावाल्याला नको म्हणून सांग." त्या म्हणाल्या, "तिला इचारा आधी."

साडेपाचला त्यानं गाडी धुतली, ते दार पुसून कोरडं केलं. ओरखड्याच्या वर-खाली कागदी टेप लावली. रंग घासायचा बारीक वॉटर पेपर पाण्यात भिजवून बोटाला गुंडाळला आणि कडेकडेनं हलक्या हातानं घासायला लागला. कडा विरायला लागल्या. मग ओरखड्याच्या मागच्या टोकापलीकडं, जिथं रंग साबूत दिसत होता तिथं, पेपर थोडा अडखळला.

हिंदुराव थांबला. पाणी मारलं, पुसलं, पुन्हा बोट ठेवलं. काहीतरी होतं. आतून बॅटरी आणली आणि प्रकाश आडवा धरला.

ओरखडा चार बोटांचा नव्हताच. चांगला वीतभर होता. पुढची चार बोटं खोल आणि उघडी, मागचा भाग उथळ, आणि तो कोणीतरी भरलेला होता. काडीच्या टोकानं, बारीक ठिपके, एकाला एक निम्मा चढवलेला, माशाच्या खवल्यांसारखे. वरून पॉलिश मारून चमक बसवलेली. तेव्हा बेमालूम मिसळला असणार. पण वर संरक्षक थर नसलेला रंग उन्हात टिकत नाही. आठ महिन्यांच्या उन्हानं तो काळपट पडला होता, आणि घासल्यावर एकेक ठिपका वेगळा उठून दिसत होता. प्रत्येक ठिपक्याला बारीक शेपूट होतं. काडी उचलताना ओढली जाते, त्याचं. उजव्या हाताच्या माणसाचं शेपूट उजवीकडं जातं. ही सगळी शेपटं डावीकडं होती.

हिंदुराव खाली बसला. या हाताला ओळखायला त्याला नाव वाचायची गरज नव्हती. एकोणीस वर्षं रोज त्यानं या ठिपक्यांवरून बोट फिरवलं होतं आणि शाबास म्हणून गाडी पुढं सोडली होती.

आणि मग दुसरी गोष्ट डोक्यात आली, ती पहिलीपेक्षा वाईट. असा ठिपका सुकायला, त्यावर पॉलिश चढवायला निदान एक रात्र लागते. तनुजाकडं गाडी दोन तास होती, तेही रस्त्यावर. म्हणजे पोरीनं शेडमधून गाडी काढली तेव्हा हे दारावर होतंच. त्यानं हातातला पेपर बादलीत फेकला. इतका संताप आला की कुणाला तरी मारावं, आणि समोर कोणी नव्हतं.

सात वाजता सुरेंद्र आला. रविवार होता, तो येणारच. पिशवीत तनुजासाठी बाकरवडी होती. "पोरीला वाटेत खायला," म्हणाला. मग त्याला दारावरची टेप दिसली आणि तो पिशवी हातातच धरून उभा राहिला.

"हात फिरव," हिंदुराव म्हणाला.

"काय झालं राव?"

"काय न्हाई. हात फिरव."

सुरेंद्रनं डावा हात पुढं केला. टेपच्या मधून बोटं सरकली, उघड्या ओरखड्यावरून गेली आणि ठिपक्यांवर थांबली. तो पुढंही सरकवेना आणि काढूनही घेईना. 

"सोसायटीच्या गेटाला लागली होती," शेवटी तो म्हणाला. "शुक्रवारी. लोखंडी कडी बाहेर आली होती, दिसली नाही मला. मागचा भाग त्याच रात्री भरला. पुढचा खोल होता, त्याला थर चढवावे लागले असते, आणि बाटलीतला रंग संपला. म्हटलं शनिवारी शेडमध्ये नेऊन लावू, तू नसशील, तुझ्या कपाटातल्या बाटलीतून उरलेलं भरू. आलो तर तुझी बाटली वाळून गेलेली. थिनर घालून बघितलं, नाही जमलं. म्हटलं उद्या सकाळी सांगू."

"मग?"

"सांगणारच होतो. देवाशपथ. पण तू धुता धुता असा वळलास, काल होता का म्हणून विचारलंस, आणि माझ्या तोंडून नाही निघून गेलं. एकदा गेलं ते गेलं."

"पोरीवर वरडलो तवा हितंच व्हतास तू. जाऊ दे, पोर आहे, म्हणालास."

सुरेंद्रनं मान खाली घातली. मग एक गोष्ट बोलला, ती खरी होती म्हणून जास्त लागली. "मला वाटलं, तुझी पोर आहे. चार दिवस धुसफूस करशील आणि तिला माफ करशील. मला केलं नसतंस. मी तुला ओळखतो, हिंदुराव. लपवलं म्हटल्यावर तू माझं तोंड बघितलं नसतंस. ती घरची होती, तिला चाललं असतं."

"आणि आठ महिने?"

"रोज वाटायचं सांगावं."

"तीस-बत्तीस रविवार तू ह्याच दाराला मोजा लावलास. माझ्या हातचा चहा घेतलास."

"हो," सुरेंद्र म्हणाला.

हिंदुरावाला वाटलं होतं, खरं कळलं की आपण याची गचांडी धरू. पण त्यानं बॅटरी बंद करून खाली ठेवली. बैल असता तर आज आपापला सोडून नेला असता, दावं हातात घेऊन दोघं दोन वाटांनी गेले असते. गाडीचं काय करणार. कापून निम्मी कशी देणार. तो एवढंच म्हणाला, "आज जा तू. परत रविवारी येऊ नको. गाडीचं काय ते मी सांगीन."

"वहिनींना..."

"जा म्हणलं न्हवं."

सुरेंद्र गेला. बाकरवडीची पिशवी शेडच्या खुंटीला तशीच राहिली. हिंदुरावाला आत जाववेना. पोरीसमोर काय तोंड घेऊन जायचं. तो शेडमध्येच बसून राहिला. पावणेनऊ झाले तेव्हा त्याला जे येत होतं तेच त्यानं केलं. दोन्ही बादल्या पुन्हा भरल्या आणि धुतलेली गाडी पुन्हा धुवायला घेतली. निदान लख्ख करू, पोरीला सगळं सांगू, त्या सुरेंद्रचा हात दाखवू. तिलाही कळतं, ती शेपटं बघितली की ओळखेल. मग म्हणू, बस पोरी, तूच चालव चौकापर्यंत. हे सगळं त्यानं मनात पाठ केलं. साध्या पाण्याची बादली तोच खळबळत होता आणि पाणी कधी बदलायचं हे सांगायला कोणी नव्हतं.

टप झाला, बॉनेट झालं, आणि रिक्षाचा आवाज आला. दहा मिनिटं लवकर. तनुजा बॅग घेऊन ओसरीवर आली, मागं रुक्मिणीबाई डोळे पुसत. हिंदुराव फेस लागल्या हातानंच धावला.

"तनू, जरा हिकडं ये. दोन मिनिटं. तुला दाखवायचंय."

ती आली. टेप लावलेल्या दारापुढं उभी राहिली. तो बोलायला लागला, गेट, कडी, ठिपके, डावीकडची शेपटं, सगळं भराभरा. "त्यो सुरेंद्र्या, सव्वीस वर्षं माझ्या ताटात जेवला. माझ्याच शेडमदी यून थिनर घालून बसला आन् तुझ्यावर ढकलून मोकळा झाला. तू न्हाईच लावला. आता सापडलं मला. हे बघ, हात फिरव."

तनुजानं हात फिरवला नाही. "माहितीये, आप्पा," ती म्हणाली.

"काय माहितीय?"

"पहाटे शेड उघडलं तेव्हा थिनरचा वास होता. गाडी काढायच्या आधी मी हात फिरवला. तुम्हीच लावलेली सवय. ओरखडा आणि ठिपके तेव्हाच लागले होते बोटाला. काकांचेच आहेत हे पण कळलं होतं."

हिंदुरावानं दारावरच्या ठिपक्यांकडं हात केला. "मग तवाच का न्हाई सांगितलंस? एक बोट दाखवलं आसतंस तर..."

"सांगणार होते. काकांनी आधी आपणहून सांगावं म्हणून थांबले, नियम होता ना तुमचा." ती बॅगेचा पट्टा खांद्यावर सारखा करत होती. आवाज चढलेला नव्हता. "ते खोटं बोलले तेव्हा मला एवढं नाही लागलं. ते परके आहेत. तुम्ही माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. मी म्हटलं, मी नाही लावलेलं. तेवढं पुरायला पाहिजे होतं. त्याच्यावर मला दार दाखवून, बोट दाखवून तुमच्याकडून पास व्हायचं नव्हतं."

"चुकलं माझं," हिंदुराव म्हणाला. आयुष्यात हे वाक्य त्यानं कोणाला म्हटल्याचं रुक्मिणीबाईंना आठवत नव्हतं.

"व्हय," तनुजा म्हणाली. "दुसऱ्याच्या शब्दावर गाडी पास करायची नाही म्हणून तुम्ही मला शिकवलंत. आणि दुसऱ्याच्या एका शब्दावर मला नापास केलंत. आठ महिने. आता ठिपके सापडले म्हणून आलात. नसते सापडले तर?"

याला उत्तर होतं, आणि ते दोघांनाही माहीत होतं. नसते सापडले तर तो तिला माफ करणार होता. सकाळपासून त्याच तयारीत होता. ते आठवून हिंदुरावाला स्वतःची शिसारी आली. त्यानं खिशात हात घालून चावी काढली, फेसानं निसरडी झालेली, आणि पुढं केली. "चौकापर्यंत तरी ये. तू चालव. मी शेजारी बसतो, बोलणार न्हाई."

तिनं चावी घेतली. त्याला वाटलं, घेतली. तिनं ओढणीच्या टोकानं ती पुसली आणि परत त्याच्या तळहातावर ठेवून त्याची बोटं मिटली. "रिक्षा आलीय, आप्पा." मग वाकून त्याच्या पाया पडली, आईच्या पडली, आईला मिठी मारली. रिक्षात बसताना म्हणाली, "पोचले की फोन करते." आणि मग, आईकडं बघून, "तुला."

रिक्षा फाट्याकडं वळेपर्यंत रुक्मिणीबाई दारात उभ्या राहिल्या. मग वळल्या आणि आत गेल्या.

हिंदुराव शेडमध्ये आला. ऊन आत शिरलं होतं, टपावर आणि बॉनेटवर पोचलं होतं. न धुतलेला फेस जागच्या जागी वाळत होता, त्याचे पांढरे डाग पडायला लागले होते. साध्या पाण्याची बादली भरलेली होती. तो तिच्याशेजारी, तनुजा बसायची त्या दगडावर बसला आणि डाग पडताना बघत राहिला.